आज्जांच्या सागवानी पॅटर्नचे पेन करायचेत, पहिलं रेझिनचं ओतकाम फसलं, कुठं चुकलं सांगा

लालपॅटर्न_शाहूपुरी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

आमचे आज्जा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. पॅटर्न म्हणजे पार्टचा लाकडी नमुना, तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि त्यात लोखंड ओततात. आयुष्यभर सागवान तासून इंजिनाचे, पंपाचे, उसाच्या चरकाच्या पार्टचे पॅटर्न केले, आणि घरी एका पेटीत त्यांनी स्वतःकडं ठेवलेले लहान लहान पॅटर्न होते, लाल-काळ्या रंगाचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुंभार गल्लीत पाणी घरात आलं तेव्हा माळ्यावर सामान चढवायच्या गडबडीत ती पेटी खालीच राहिली आणि आठवडाभर पाण्यात बसली. सागवान म्हणून कुजलं नाही, पण काही पॅटर्नचे जोड सुटले, दोन-तीन उभे चिरले. आज्जांनी ते पुसून वाळवून परत पेटीत ठेवले, टाकून दिले नाहीत. ते गेले त्याला दिवाळीत वर्ष होतंय. बाबा, दोन काका आणि दोन आत्या असे पाच जण आहेत, त्या पाचांना त्यातल्या फुटक्या पॅटर्नच्या लाकडाचे पाच पेन करून द्यायचे असं मी ठरवलंय. लाकूड थोडं आणि बाकी रेझिन, म्हणजे लाकडाची कड आणि त्याच्यावरचा आज्जांनी मारलेला लाल रंग दिसावा.

आता काय केलं ते सांगतो. इपॉक्सी रेझिनचा साडेसातशे ग्रॅमचा सेट आणला, २:१ वाला. प्लायवूडचा साचा केला, आतून ब्राऊन पॅकिंग टेप लावली, तीन ब्लँकची (ज्यातून पेन तासायचं तो ठोकळा) जागा, प्रत्येकी २० बाय २० मिमी आणि लांबी १३० मिमी. चिरलेल्या पॅटर्नच्या पट्ट्या कापल्या, लाल बाजू वर करून साच्यात ठेवल्या. सोनाराच्या काट्यासारखा लहान डिजिटल काटा आहे त्याच्यावर बरोब्बर १०० ग्रॅम रेझिन आणि ५० ग्रॅम हार्डनर मोजलं, आइस्क्रीमच्या काडीनं एक-दोन मिनिटं ढवळलं, रंगाला निळी चमकदार मायका पावडर टाकली आणि ओतलं. कपाच्या कडेला राहिलेलं पण निपटून घातलं कारण वाया जाऊ नये.

झालं असं की दोन पट्ट्या तरंगून वर आल्या. लाकडाच्या कडेनं रात्रभर बुडबुडे निघत राहिले आणि सकाळी बघतोय तर पूर्ण कडेला फेस गोठल्यासारखा थर. एका कोपऱ्यातून गळालं. वरच्या बाजूला मेणचट चिकट थर आलाय, आणि चार दिवस झाले तरी दोन ठिकाणी नख रुततंय. मायका पण सगळी तळाला बसली.

पाऊस तर तुम्ही बघतायच, आमच्याकडं सध्या सकाळी उठलं की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची आणि मग चहा. पावसामुळं झालं का हे? का माझं मापच चुकलं? प्रेशर पॉट, म्हणजे हवेच्या दाबाखाली रेझिन घट्ट करायची टाकी, घेतल्याशिवाय होतच नाही असं पण वाचलंय. अजून एक, फौंड्रीतली काळी वाळू रंगासाठी रेझिनमध्ये मिसळली तर कसं दिसेल? आज्जांच्या कामाची आठवण म्हणून डोक्यात आलं.

शिरोली_फौंड्रीवाला

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी पंचवीस वर्षं मोल्डिंग शॉपला काढलीत, तुझ्या आज्जांसारख्या माणसांनी केलेल्या पॅटर्नवरच आमची भाकरी चालली. रेझिनचं मला फार कळत नाही पण तू जे वर्णन केलंयस ते आम्ही रोज बघतो. त्याला ब्लो होल म्हणतात.

वाळूत पाणी जास्त झालं की गरम लोखंड पडल्यावर त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट नसली की कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तुझ्या लाकडात तेच झालंय फक्त सावकाश. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा, त्यात हवा पण असते आणि पावसाळ्यात ओल पण. रेझिन घट्ट होताना गरम होतं, आतली हवा फुगते आणि बाहेर येते, आणि तोवर रेझिन इतकं दाट झालेलं असतं की बुडबुडा वर जाऊच शकत नाही. त्यात तुझ्या पट्टीची आडवी कापलेली टोकं उघडी, सगळ्यात जास्त हवा तिथनंच येते.

म्हणून आधी लाकूड वाळव. वाळलंय असं वाटणं वेगळं आणि वाळणं वेगळं. पुराला इतकी वर्षं झाली म्हणून ते पाणी राहिलं नसेल पण जुलैच्या हवेतली ओल लाकूड ओढून घेतंच. पट्टी काट्यावर ठेव, वजन लिही, वाळव, रोज वजन कर. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की मग वाळलं म्हणायचं. आमच्या इथं कोअर ओव्हन, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे भाजायची भट्टी, आहे पण त्यात थेट टाकू नको, तो दोनशे अंशांच्या आसपास चालतो, लाकूड करपेल. ओव्हनच्या मागं रॅक आहे तिथं चांगली कोरडी ऊब असते, हवं तर आणून दे.

दुसरं, वाळूचं. अजिबात घालू नको. ती सिलिका आहे, लेथवर टूलची धार दोन मिनिटांत जाईल, आणि घासताना जी धूळ उडेल ती फुप्फुसात जाऊन बसते. आमच्यातल्या किती जुन्या माणसांच्या छातीचं काय झालंय ते मी बघितलंय. तुला फौंड्रीची आठवणच हवी असेल तर ग्रॅफाइट पावडर घे, मोल्डला लावायला वापरतात ती. मऊ असते, काळपट चंदेरी रंग येतो. तुझ्या लाल रंगाशेजारी ती शोभेल.

आणि एक मनातलं सांगतो, राग मानू नको. जे पॅटर्न अखंड आहेत ते कापू नको. फुटलेले वापर. अखंड पॅटर्न असला की त्याच्यावरनं आज पण कास्टिंग निघतं.

विज्ञानवाली_ताई

ओलीबद्दल काकांनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी मापाचं आणि चिकटपणाचं सांगते, कारण तुझ्या पोस्टमध्ये मला त्या दोन चुका स्पष्ट दिसतायत.

पहिली म्हणजे २:१ हे वजनाचं आहे का आकारमानाचं ते बाटलीवर नीट बघ. बहुतेक २:१ वाले इपॉक्सी आकारमानानं असतात. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, रेझिनची घनता साधारण १.१ आणि हार्डनरची एकच्या जवळपास किंवा थोडी कमी. म्हणजे आकारमानानं २:१ असेल तर वजनानं ते १०० ला ४४-४५ च्या आसपास येतं. तू ५० घातलंस, म्हणजे हार्डनर दहा-बारा टक्के जास्त. जास्त हार्डनर घातलं की लवकर घट्ट होईल असं लोकांना वाटतं पण इपॉक्सीत तसं होत नाही, दोन्ही भाग एकमेकांशी जोडले जातात, ज्याला जोडीदार मिळाला नाही तो तसाच मऊ राहतो. कंपनीच्या माहितीपत्रकात वजनाचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं ते शोध, आणि तेच काट्यावर वापर.

दुसरी चूक कप निपटायची. कपाच्या कडेला आणि तळाला नीट न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं, ते तू शेवटी साच्यात घातलंस. नख रुततंय ती दोन ठिकाणं बहुतेक तीच. यावर साधा उपाय म्हणजे एका कपात तीन-चार मिनिटं सावकाश ढवळायचं, कडा आणि तळ खरवडत, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून परत दोन मिनिटं ढवळायचं, आणि त्या दुसऱ्या कपातून ओतायचं, कडा निपटायच्या नाहीत. पाच ग्रॅम वाया गेलं तरी चालेल.

वरचा मेणचट थर म्हणजे हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन आलेला असतो. दमट आणि गार हवेत हमखास येतो. तो कोमट पाणी आणि साबणानं निघतो, घाबरू नकोस. पण त्याच्यावर तसंच दुसरं रेझिन ओतलंस तर ते धरणार नाही, आधी धू, वाळव, पॉलिश पेपर मार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो लाल रंग जुना आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं. त्यामुळं तो रंग कोरडा घासायचा नाही, घासावंच लागलं तर पाणी लावून, आणि ती पट्टी घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये वाळवायची नाही, कितीही मोह झाला तरी. काकांच्या रॅकवर ठेव किंवा खोक्यात साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून सावकाश वाळव, आठ-दहा दिवस लागतील. घरात लहान मुलं असतील तर भुसा त्यांच्यापर्यंत जाणार नाही अशी सोय कर.

आणि हातमोजे नायट्राइलचे घाल. इपॉक्सी हाताला लागत राहिलं की एक दिवस ॲलर्जी सुरू होते आणि ती मग आयुष्यभर जात नाही. हाताला लागलं तर थिनरनं पुसायचं नाही, थिनर ते कातडीत अजून आत नेतो, साबण-पाण्यानं धुवायचं. खिडकी उघडी ठेव. पाऊस आत येतो म्हणून बंद खोलीत करू नको.

गल्लीतला_मेकॅनिक

प्रेशर पॉटला एवढे पैसे कशाला घालवायचे, जुना मोठा प्रेशर कुकर घे, शिट्टीच्या जागी व्हॉल्व्ह बसव आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भर. मी एकदोन ठिकाणी व्हिडिओत बघितलंय, काम होतंय.

पेनकारीगर_राजारामपुरी

मेकॅनिक दादा, हे कृपा करून कुणाला सांगू नका. कुकर चालतो एका बारच्या आसपास, म्हणजे पंधरा पीएसआय. पेन ब्लँकला लोक ४० ते ६० पीएसआय वापरतात. चार पट दाबाखाली झाकण उडालं तर माणूस जातो, आणि हवा पाण्यासारखी नसते, दाबलेली हवा फुटली की बॉम्बसारखी फुटते. प्रेशर पॉट घ्यायचाच असेल तर स्प्रे पेंटिंगची प्रेशर टाकी मिळते, दहा लिटरची, तिच्यावर किती दाबापर्यंत चालते ते लिहिलेलं असतं, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. जुनी घेतली तर पाण्यानं भरून हायड्रो टेस्ट करून घ्यायची, कोल्हापुरात ते करून देणारे ढिगानं आहेत.

पण लालपॅटर्न भावा, तुला पाचच पेन करायचेत आणि तू स्लो इपॉक्सी वापरतोयस, तर टाकी न घेता पण जमेल. टाकीनं बुडबुडा जात नाही, दाबून इतका बारीक होतो की दिसत नाही, आणि रेझिन घट्ट होईपर्यंत दाब तसाच ठेवावा लागतो. तुझं रेझिन घट्ट व्हायला रात्र जाणार, रात्रभर टाकी भरून ठेवायची. त्यापेक्षा लाकडातून हवा येऊच द्यायची नाही असं कर. वाळलेली पट्टी, कापलेल्या बाजू ओतायच्या आधी ॲसिटोननं पुसायच्या कारण सागवानात तेल असतं आणि तेलावर रेझिन धरत नाही, मग त्याच इपॉक्सीचा पातळ हात ब्रशनं सगळ्या बाजूंनी, टोकांना दोनदा. तो हात चिकट-घट्ट झाला की, म्हणजे बोट लावलं तर ठसा उमटतो पण बोटाला येत नाही, तेव्हा ओतायचं. रेझिनची बाटली आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेव, पातळ होतं आणि बुडबुडे आपोआप वर येतात, फक्त मग वेळ कमी मिळतो हे ध्यानात ठेव. पट्टी तळाला इन्स्टंट ग्लूच्या दोन थेंबांनी चिकटव, लाकूड रेझिनपेक्षा हलकं, तरंगणारच.

मायका तळाला बसली कारण तू पातळ असताना ओतलंस. मिसळून झाल्यावर थांब, काकवीसारखं सावकाश पडायला लागलं की मग ओत. गुऱ्हाळावर काकवी झाऱ्यावरनं कशी पडते ते बघितलं असशील, तेवढं दाट. तेव्हा ओतलं की रंगाच्या लाटा जशा पडतील तशा राहतात.

आता जे कुणी बोललं नाही ते सांगतो आणि हे कापायच्या आधी कागदावर काढून बघ. तू लाल बाजू वर करून ठेवलीस. ब्लँक आहे २० मिमी चौकोनी. पेन किती जाडीचं होणार? साध्या सात मिमी नळीच्या किटचं (ब्लँकच्या आत बसवायची पितळी नळी आणि बाकी सुटे भाग) पेन मध्यभागी दहा-अकरा मिमी, आणि टोकाला बुशिंगपाशी (लेथवर जाडीचं माप धरायचं कडं) तर सव्वाआठच्या आसपास. आत सात मिमीचं भोक. म्हणजे तुझ्या हातात उरतं काय, तर मध्यापासून साडेतीन मिमीच्या बाहेरचं आणि साडेपाच मिमीच्या आतलं एवढंच कडं. बाकी सगळं एक तर ड्रिलमधून बाहेर येणार नाही तर लेथखाली चिप होऊन पडणार. तुझी लाल बाजू ब्लँकच्या वरच्या कडेला होती, ती पहिल्या दोन मिनिटांत तासून गेली असती आणि तुला कळलं पण नसतं.

म्हणून पट्टीची लाल बाजू ब्लँकच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. म्हणजे पट्टी दहा मिमी जाड, लाल बाजू साच्याच्या निम्म्या उंचीवर, वरच्या निम्म्यात रेझिन. मग पेन तासल्यावर दोन्ही बाजूंनी लाल रेघ उभी दिसेल, एका अंगाला सागवान, दुसऱ्या अंगाला रेझिन. आणि पट्टी एका टोकाला दोन मिमी उचलून तिरकी ठेवलीस तर रेघ सरळ न जाता पेनावर लांबट वळण घेईल. मला विचारशील तर तिरकीच ठेव. रंगाचे पोपडे सुटत असतील तर पातळ इन्स्टंट ग्लू त्यात मुरव, नाही तर रेझिन रंगाला धरेल आणि रंग लाकडाला सोडेल आणि लेथवर तिथनंच फुटेल.

एक ब्लँक आधी कुठल्याही साध्या सागवानाच्या तुकड्याचा कर. पॅटर्नचं लाकूड पहिल्या प्रयोगात घालू नको, ते परत मिळणार नाही.

लालपॅटर्न_शाहूपुरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, बाटलीवर बारीक अक्षरात आकारमानानं असंच लिहिलंय, आत्ता बघितलं. आणि कारीगर दादा, तुम्ही सांगितलेलं वर्तुळ मी कागदावर काढलं, २० चा चौकोन, ११ चं वर्तुळ, ७ चं वर्तुळ. बघून पोटात गोळा आला, कारण मी उरलेल्या सगळ्या पट्ट्या त्याच पद्धतीनं कापणार होतो.

काका, राग कसला. अखंड पॅटर्न मी कापलेले नाहीत, कापणार पण नाही. जो कापला तो उभा चिरलेला आणि अर्धा हरवलेला होता. पण अजून एक आहे ज्याचा फक्त जोड सुटलाय, दोन अर्ध्या भागांचा आहे आणि मध्ये पितळेच्या लहान पिना आहेत, त्याचा एक कोपरा उडालाय. तो फुटका धरायचा का अखंड?

साच्याचं पण सांगा कुणीतरी, प्लायवूडचा परत गळेल असं वाटतंय.

मूर्तीसाचा

आमचं घर मूर्तिकारांचं, गणपतीचे रबरी साचे लहानपणापासून बघतोय. तुला दोन रस्ते आहेत. स्वस्तातला म्हणजे स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा जाड चॉपिंग बोर्ड, एचडीपीईचा, त्याच्या पट्ट्या कापून स्क्रूनं आवळायच्या, सांध्याला आतनं थोडं सिलिकॉन सीलंट. इपॉक्सी त्या प्लास्टिकला धरत नाही, स्क्रू सोडले की ब्लँक सुटतो. ॲक्रिलिकच्या शीटचा मात्र करू नको, त्याला इपॉक्सी चिकटून बसतं.

दुसरा, सिलिकॉन रबरचा साचा. पाच ब्लँकसाठी गरज नाही पण पुढं करणार असशील तर एकदा केलेला साचा कितीतरी वेळा चालतो. २० मिमीच्या चौकोनी लाकडी पट्ट्यांना लॅकर मारून गुळगुळीत करायचं, चौकटीत चिकटवायच्या, वरनं सिलिकॉन बारीक धार धरून एका कोपऱ्यातनं ओतायचं, म्हणजे बुडबुडे कमी. प्लॅटिनमवालं सिलिकॉन असेल तर लेटेक्सचे हातमोजे घालू नको, आणि गंधकवाली माती पण जवळ नको, गंधकानं ते सेटच होत नाही, लिबलिबीत राहतं. आणि पट्ट्यांना अगदी थोडा उतार दे, जी बाजू साच्यात तळाला येणार ती एक मिमी कमी. तुझ्या आज्जांनी प्रत्येक पॅटर्नला तो दिलेला असणार, हात लावून बघ, वाळूतनं पॅटर्न निघताना कडा मोडू नये म्हणून असतो.

शिरोली_फौंड्रीवाला

पितळेच्या पिना आहेत म्हणजे तो स्प्लिट पॅटर्न. वरचा अर्धा वाळूच्या वरच्या पेटीत आणि खालचा खालच्या पेटीत, मध्ये पिना जुळतात. जोड सुटलाय असं तू म्हणतोयस पण तो सुटाच असतो बाळा, तसाच केलेला असतो. तो मोडलेला नाही. कोपरा उडालाय तो मेणानं नाही तर पुट्टीनं भरून आम्ही वर्षानुवर्षं पॅटर्न चालवतो. त्याला हात लावू नको. त्याच्यावर कुठं आकडे ठोकलेत का बघ, शिशाचे किंवा पितळेचे बारीक, त्यावरनं कुठला पार्ट ते कळेल.

आणि पट्ट्या घेऊन ये रॅकवर ठेवायला. बुधवार सोडून कधी पण.

लालपॅटर्न_शाहूपुरी

तीन आठवड्यांनी लिहितोय. वाळवायलाच वेळ गेला पण गेला ते बरं झालं.

काकांच्या रॅकवर सहा पट्ट्या ठेवल्या. सगळ्यात मोठीचं वजन पहिल्या दिवशी ३८.६ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी ३६.२. आठव्या दिवशी ३४.९, मग ३४.८ आणि तिथंच थांबलं. म्हणजे पावणेचार ग्रॅम पाणी, कोरड्या वजनाच्या जवळपास ११ टक्के, आणि मी ते लाकूड हातात घेऊन कोरडं खडखडीत आहे म्हणत होतो. रॅकवरनं काढल्यावर झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवल्या.

कारीगर दादांचं ऐकून पहिला ब्लँक साध्या सागवानाचा केला. चॉपिंग बोर्डाचा साचा, १०० ला ४५ चं माप माहितीपत्रकातून खात्री करून, दोन कप, नायट्राइलचे हातमोजे. ग्रॅफाइट अगदी चिमूटभर, काकांनीच पुडीत बांधून दिली. कापलेल्या बाजूंना इपॉक्सीचा हात मारून चार-पाच तास थांबलो. लाकडातनं एकही बुडबुडा आला नाही. रेझिनमध्ये तीन-चार बारीक आहेत, ते कुठं आलेत हे तासल्यावर कळेल. वरनं मेणचट थर यावेळी पण आला, धुतल्यावर गेला.

मग आज्जांच्या लाकडाचा एक ओतला. लाल बाजू मध्यातून, तिरकी. तीन दिवस साच्यातच ठेवला आणि बाहेर काढून अजून चार दिवस थांबलो. आता नख रुतत नाही, टेबलावर आपटल्यावर काचेसारखा आवाज येतो.

ड्रिलिंगची भीती वाटतेय. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, ते म्हणतात दहा मिनिटांचं काम. काय जपू?

पेनकारीगर_राजारामपुरी

वजनं लिहून ठेवलीस ते फार चांगलं केलंस, मी सुरुवातीला हे न केल्यामुळं बरेच ब्लँक घालवलेत.

दहा मिनिटांत करू देऊ नको. मेटलवाल्यांना लोखंडाची सवय असते, ते एका दमात भोक पाडतील. इपॉक्सी गरम झालं की मऊ होतं, बिटला चिकटतं, आणि मग भोक वाकडं जातं किंवा ब्लँक तडकतो. नवीन धारेचं बिट, वेग पाचशेच्या आसपास, पाच-सहा मिमी आत गेलं की बाहेर काढ, चिप झाड, बिटला हात लावून बघ, कोमट लागलं तरी थांब. ब्लँक नळ्यांपेक्षा दहा मिमी लांब ठेव आणि ड्रिल पार बाहेर काढू नको, शेवटचा टवका नंतर करवतीनं काप, म्हणजे बाहेर पडताना जो टवका उडतो तो उडणार नाही.

पितळी नळी दीडशेच्या पॉलिश पेपरनं खरखरीत कर. आणि तुझं रेझिन ग्रॅफाइटचं असलं तरी पातळ थरात थोडं आरपार दिसेल, नळीचा पिवळा रंग आतनं डोकावेल, म्हणून नळीला बाहेरनं काळा रंग मारून वाळवून मग चिकटव. इपॉक्सीनंच चिकटव, इन्स्टंट ग्लूनं नळी अर्ध्यात अडकली की मग ती ना आत जाते ना बाहेर येते.

तासताना चिप दोऱ्यासारखी लांब आली पाहिजे. पावडर उडत असेल तर टूलला धार नाही. पुराची माती चिरांत असेल तर ती धार खाते, दर थोड्या वेळानं बघ. मास्क घालायचाच, लाल रंगाचं ताईंनी सांगितलंय ते विसरू नको. वॉटर पेपर ४०० पासून वर, पाणी लावूनच, आणि लाकडाच्या अंगाला जास्त दाबू नको कारण लाकूड रेझिनपेक्षा लवकर झिजतं, सांध्यावर बोटाला पायरी लागते. शेवटी इन्स्टंट ग्लूचे सहा-सात पातळ हात, म्हणजे लाकूड आणि रेझिन एकाच कवचाखाली जातं.

लालपॅटर्न_शाहूपुरी

झालं. काल संध्याकाळी झालं.

आधी साधा ब्लँक केला. त्यात एक बुडबुडा बरोबर वरच आला, तो ग्रॅफाइट आणि ग्लूनं भरला. मग आज्जांचा. ड्रिलला चाळीस मिनिटं घेतली, वर्कशॉपवाले काका शेजारी उभे राहून बघत होते, नंतर त्यांनीच चिप झाडायला ब्रश धरला. मास्क आम्ही दोघांनी घातला होता. तासता तासता ११ मिमीला आलो आणि लाल रेघ दिसायला लागली, आधी तुटक, मग सलग, एका टोकाकडं झुकत गेलेली. लाल रंगाच्या खाली अजून एक अगदी पातळ पिवळसर थर आहे, तो आम्हाला कुणाला कधी दिसला नव्हता.

पेन बाबांच्या हातात दिलं, सांगितलं काहीच नाही. त्यांनी फिरवून बघितलं, रेघेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, हा दादांच्या ब्रशचा रंग आहे. आज्जांना ते दादा म्हणायचे.

अजून चार करायचेत, लाकूड पाच पेनांपुरतं बरोबर आहे, चुकायला जागा नाही. काका, तो पिनांवाला पॅटर्न मी धुऊन पुसला, आतल्या बाजूला बारीक शिशाचे आकडे सापडले, चार आकडे आणि एक अक्षर. आणि हे पण सांगा, लालच्या खाली तो पिवळसर थर कसला असेल?

शिरोली_फौंड्रीवाला

शेलॅक असेल. पूर्वी पॅटर्नला आधी शेलॅकचे दोन-तीन हात देऊन लाकूड बंद करायचे आणि मग रंग, म्हणजे वाळूतली ओल लाकडात जाऊ नये.

आकड्यांचं फोटोवरनं नको. पॅटर्न घेऊन रविवारी ये, आमच्याकडं एक रिटायर झालेले मोल्डर येतात, त्यांना उद्यमनगरातले जुने नंबर तोंडपाठ आहेत. बाबांना पण आण.

लालपॅटर्न_शाहूपुरी

येतो. थोरली आत्या पण येते म्हणाली.